मुख्यालय सोडल्याचा दिनांक

सर, परवान्याच्या अर्जावर तारीख मीच चुकीची घातली होती.

वाळवंटातल्या ऑफिसानं नाही, कॉम्प्युटरनं नाही, पोस्टानं नाही. मी. माझ्या हातानं, निळ्या शाईनं आणि ज्या अक्षराचं तुम्ही दर गॅदरिंगला कौतुक करायचात त्याच अक्षरात. हे एवढं वाक्य दोन वर्षं माझ्या तोंडात होतं. हिरावाडीतल्या तुमच्या घराचा जिना चढताना ते अगदी तयार असायचं. वर पोचलो की वहिनी विचारायच्या, "भाऊसाहेब, साखर कमीच ना?" आणि ते वाक्य चहाबरोबर परत पोटात जायचं.

तुम्हाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. अर्ज मुदतीनंतर आलाय हे मला मान्य आहे. स्वीकारायचा की फेटाळायचा ते तुम्ही बघा.

मुख्याध्यापकांनी शाळेच्या अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. जन्म कुठला, शिक्षण किती, सेवा किती, हे सगळं सर्व्हिस बुकात आहे आणि सर्व्हिस बुक मी लिहिलेलं असल्यामुळे अक्षर तरी चांगलं आहे. ते दुसरं कुणीही उतरवून काढेल. मला फक्त आपल्या एका सहलीबद्दल बोलायचंय. धड न झालेल्या.

तुम्ही भूगोलाचे शिक्षक, मी हेडक्लार्क. पंचवटीतल्या आपल्या शाळेत जिन्याखाली माझं ऑफिस आणि बरोबर माझ्या डोक्यावर तुमचा सातवी ब चा वर्ग. त्यामुळे अख्खा भूगोल मी छतातून ऐकला. दिवाळीची सुट्टी संपली की वाळवंट यायचं. तुम्ही फळ्यावर उंट काढायचात, उंटाशेजारी खजुराचं झाड, झाडाखाली पाणी, वर सूर्य. खडूच्या आवाजावरून मला कळायचं, आता उंटाची मान चालू आहे, आता खजुराच्या झावळ्या. मग कुणीतरी कार्टं विचारायचंच, "सर, तुम्ही पाहिलंय का वाळवंट?"

"नाही," तुम्ही म्हणायचात. "पुस्तकात आहे ते सांगतोय. बघून आलो की कळवीन."

तुमच्या जागी मी असतो तर "हो, पाहिलंय" असं ठोकून दिलं असतं. वर उंटानं मला कसं पाडलं, तेही सांगितलं असतं आणि लंगडून दाखवलं असतं.

चूक कबूल करायची तुम्हाला हौस होती, सर. दुसरा शब्द नाही त्याला. कधीकधी वर वर्गात तुमचा आवाज यायचा, "काल मी तुम्हाला एक गोष्ट चुकीची सांगितली. वह्या काढा. रेघ मारा." स्टाफरूममध्ये लोक हसायचे. मी तर तोंडावर म्हणालो होतो, "सर, पोरांसमोर असं म्हणू नये. मास्तरचा वचक जातो."

"भाऊसाहेब, तुमच्याच रजिस्टरचा नियम आहे ना? गिरवायचं नाही, खोडरबर चालवायचं नाही, पांढरी शाई फासायची नाही. चुकीच्या शब्दावर एक सरळ रेघ, वर बरोबर शब्द आणि शेजारी ज्याची चूक त्याची सही."

"तो रजिस्टरचा नियम आहे सर, माणसांचा नाही."

"मग माणसांचा काय आहे?"

मी घंटा द्यायला सांगितली. मधल्या सुट्टीला अजून सात मिनिटं होती. शाळेतल्या पोरांनी त्या दिवशी मला दुवा दिला असेल, पण आपला वाद तिथेच राहिला तो राहिलाच.

तुम्हाला वाळवंटात उंट बघायचा नव्हता. माळढोक बघायचा होता. येवल्याच्या पलीकडे तुमचं गाव, आणि गावाबाहेरच्या माळावर सहा वर्षांचे असताना वडिलांच्या खांद्यावर बसून तुम्ही तो एकदा पाहिला होता. ही गोष्ट मी किती वेळा ऐकली याचा हिशोब नाही, आणि दर वेळी तुम्ही उठून चालून दाखवायचात. मान ताठ, हात मागे, एकेक पाऊल मोजून. "कमरेएवढा पक्षी, भाऊसाहेब. हेडमास्तर राउंडला निघावेत तसा चालत होता. वडील म्हणाले, गप बस, हलू नको. मी एवढा गप बसलो की श्वास घ्यायचं विसरलो." नंतर माळावर विहिरी झाल्या, कांदा आला, विजेच्या तारा आल्या आणि तो पक्षी पुन्हा कुणाला दिसला नाही. वडीलही गेले. आता तो बघायचा तर जैसलमेरच्याही पुढे, जिथे रस्ताच कंटाळतो अशा वाळवंटातल्या राखीव रानात जायला हवं.

रिटायर होऊन सात-आठ वर्षं झाल्यावर एका रविवारी मिसळ खाताना तुम्ही म्हणालात, "जायचं का भाऊसाहेब?"

मी रस्सा वाढून घेत म्हणालो, "सर, तुम्ही बॅग भरा. कागदाचं माझ्याकडे."

कागदाचं माझ्याकडे! अख्ख्या शाळेला मी हे वाक्य ऐकवलं होतं आणि तोवर ते खरं होतं.

राखीव रानात शिरायच्या परवान्याचा अर्ज एका पानाचा होता. नाव, वय, पत्ता, माणसं किती, गाडी कोणती आणि एक चौकोन, दिनांक. आता काय झालं ते नीट सांगतो, कारण अशी चूक करायला निदान तीस वर्षं क्लार्क असावं लागतं. निवडणूक, जनगणना, प्रशिक्षण, शिक्षक कुठेही जावो, त्याचा प्रवासभत्त्याचा फॉर्म मी भरायचो. त्या फॉर्मच्या पहिल्याच रकान्यात असतं: मुख्यालय सोडल्याचा दिनांक. म्हणजे माणूस आपलं गाव सोडून निघाला तो दिवस. पोचला कधी, ते पुढच्या रकान्यात. माझा हात त्या रकान्याला इतका सरावलेला की प्रवास म्हटलं की तो आधी निघण्याची तारीख लिहून मोकळा होतो. आपण गुरुवारी संध्याकाळी नाशिकरोडहून निघणार होतो. मी लिहिलं, गुरुवार ते शुक्रवार. तारखांसकट. खाली पट्टीनं दुहेरी रेघ मारली, स्कॅन करून पाठवला, आणि तिकडून शिक्का मारून आल्यावर न वाचता घडी घालून खिशात ठेवला. स्वतःचं अक्षर कोण वाचतं?

तर सरकारी कागदाप्रमाणे ज्या दोन दिवशी आपण वाळवंटात माळढोक बघत होतो, त्यातल्या पहिल्या दिवशी आपण नाशिकरोडच्या फलाटावर होतो, आणि दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या डब्यात तुम्ही एका कापडाच्या व्यापाऱ्याला साबरमती कुठे उगम पावते ते शिकवत होतात. त्या बिचाऱ्यानं फक्त "पुढचं स्टेशन कोणतं" एवढंच विचारलं होतं.

त्याच प्रवासात माझी दुसरी चूक उघडी पडली. वाळवंट म्हणजे ऊन, या माझ्या अभ्यासानुसार मी दोन मलमलचे शर्ट आणि छत्री घेतली होती. डिसेंबर होता. थंडी काय ती निफाडला पडते, अशी माझी समजूत. शनिवारी सकाळी जैसलमेरला उतरलो तेव्हा माझे दात इतके वाजत होते की जीपवाल्यानं विचारलं, "साब को बुखार है क्या?" तुम्ही अंगातला स्वेटर काढून मला घातलात आणि स्वतः मफलर गुंडाळून बसलात. जीपमध्ये मी त्या स्वेटरात छान झोपलो.

आणि मग ती खिडकी.

दगडी खोली, बाहेर पाण्याची टाकी, आत टेबल आणि टेबलामागे परवाने तपासणारा तगाराम. पांढरट मिशी, थंडीनं उललेली बोटं. त्यानं माझा कागद उघडला, वाचला, माझ्याकडे फिरवला आणि तारखेवर बोट ठेवलं.

"बाबूजी, परमिट तो गुरुवार-शुक्रवार का था। आज शनिवार है।"

मी पाहिलं. माझंच अक्षर. इतकं वळणदार की दुसऱ्या कुणाचं म्हणायची सोय नाही.

तुम्ही तेव्हा बाहेर वीस पावलांवर दुर्बीण लावून तारेवरच्या एका खाटीक पक्ष्याकडे बघत होतात. त्या वेळी मी खिडकीशी वाकून हळूच म्हणू शकलो असतो, "भाऊ, चूक माझी आहे. माझे मित्र साठ वर्षं या दिवसाची वाट बघतायत. काही होईल का?" कदाचित झालं असतं. नसतंही. पण मी काय केलं? मी ओरडलो.

"हमने बराबर लिखा था! तुम्हारे ऑफिसने तारीख बदली होंगी! हमको मत सिखाओ, हमने भी इकतीस साल ऑफिस चलाया है!"

"बाबूजी, लिखाई तो आपकी है।"

"लिखाई का क्या है? लिखाई किसी की भी होती है!"

हे वाक्य मी उच्चारलंय, सर. साक्षीदार हयात आहे.

तुम्ही खिडकीपाशी आलात. "काय झालं हो?"

"काय होणार? सरकारी कारभार. तारीख चुकीची पडलीये."

पडलीये! पाऊस पडावा तशी. कुणी पाडली ते मी बोललो नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग तगारामकडे. तो खाली बघत होता. नवा परवाना मिळेल का, तुम्ही विचारलंत. शनिवार-रविवारच्या सगळ्या गाड्या भरल्या होत्या, परवाना सोमवारचा मिळाला असता आणि आपली परतीची गाडी रविवारी होती. तिकिटंही मीच काढलेली.

"ठीक आहे," तुम्ही म्हणालात. "बाहर से, तार के बाहर से कुछ दिखता है?"

"तार के साथ-साथ गाँव तक रास्ता है, मास्टरजी। पैदल जा सकते हो।"

तुम्ही मास्तर आहात हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मग आपण कुंपणाच्या बाहेरून चालत राहिलो. मी मनात ठरवत होतो, पुढच्या खांबापाशी सांगू. पुढचा खांब यायचा, मग त्याच्या पुढचा. वाळवंटात खांब खूप असतात. तुम्ही मात्र तिसऱ्याच खांबापाशी खाली उकिडवे बसलात आणि जमिनीला हात लावलात.

"भाऊसाहेब, हे गवत आहे हो!"

"मग?"

"सगळीकडे गवत. झुडपं. वाळू बघा, तिकडे लांब थोडी. आणि खजूर कुठाय? एकसुद्धा नाही. अहो, बत्तीस वर्षं मी खजूर काढला!" तुम्ही हसत होतात, पण डोळ्यांत पाणी आलं होतं. थंड वाऱ्यानं असेल. "पोरांना चुकीचं शिकवलं की."

"सर, आता कोण विचारतंय? पहिली बॅच आजोबा व्हायला आली."

"म्हणजे आजोबा होतील आणि नातवाला खजूर काढून दाखवतील."

नाशिकला आल्या आल्या तुम्ही माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलंत: "सातवी ब, सर्व बॅच. आपल्या वाळवंटाच्या चित्रातल्या खजुराच्या झाडावर रेघ मारावी. तिथे गवत आहे. चूक माझी. पगारे सर." दोन दिवस तुमचा फोन वाजत होता. ओझरहून एकानं खरंच जुनी वही शोधून, रेघ मारून, फोटो पाठवला. मला आठवतंय, तो फोटो तुम्ही मला दाखवलात आणि मग नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मी म्हणालो, "काय अक्षर आहे कार्ट्याचं!"

पण कुंपणापाशी परत येतो. चार-पाच चिंकारा दिसली. एक गिधाड. दुपारी मला लांब गवतात पांढरं, उभं काहीतरी दिसलं आणि माझा जीव एकदम भांड्यात पडला. हा दिसला म्हणजे सगळं माफ! "सर, तो बघा! मान बघा! हेडमास्तर!" तुम्ही दुर्बीण लावलीत. किती वेळ बघत होतात. वडिलांच्या खांद्यावर होतात तसे, न हलता. मग दुर्बीण खाली घेतलीत आणि अगदी मऊ आवाजात म्हणालात, "भाऊसाहेब, त्याच्यावर युरिया लिहिलंय."

बाभळीच्या झुडपाला अडकलेली रिकामी गोणी होती. आपण हसलो. मी जरा जास्तच हसलो. तुम्हाला तसं उभं मी पाहिलं होतं, सर, आणि तरी मी हसलो.

परत निघताना जीप सुरू झाली आणि तुम्ही म्हणालात, "अरे, मफलर राहिला वाटतं ऑफिसात." गेलात ते चांगली पंधरा-वीस मिनिटं. एवढ्या थंडीत, अंगात स्वेटर नसताना, मफलर काढून ठेवायचं काय कारण, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी तुमच्या स्वेटरात बसून चिवडा खात होतो.

"एवढा वेळ?"

"तगारामनं चहा पाजला. चांगला माणूस आहे."

"चांगला? त्याच्यामुळे तर..."

"भाऊसाहेब," तुम्ही म्हणालात, "वरचं बटण लावा. वारा आहे."

परतीच्या गाडीत मी माझ्याकडचा परवाना संडासात जाऊन फाडला. बारीक तुकडे केले. त्यातले दोन वाऱ्यानं उलटे आत आले आणि माझ्या चष्म्यावर चिकटले, तेही सांगून ठेवतो.

पुढे गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, आपल्या सकाळच्या मंडळीत मी ती हकिकत सांगायला लागलो. आधी तगाराम नुसता निष्काळजी होता. मग उद्धट झाला. दिवाळीपर्यंत तो टेबलावर पाय टाकून घोरत होता. तुम्ही शेजारी बसून ऐकायचात. एकदाच म्हणालात, "भाऊसाहेब, मागच्या आठवड्यात त्याला नुसती मिशी होती. आता दाढी पण आली." मंडळी हसली, मी पण हसलो आणि दाढी कापून टाकली. बाकी गोष्ट तशीच ठेवली.

आणि तक्रार अर्ज! तो तर माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम मसुदा. तगारामच्या वरिष्ठांना उद्देशून, दोन पानी. तुमची सही घ्यायला आलो. तुम्ही शांतपणे वाचलात. "भाषा छान आहे," म्हणालात, आणि नकाशांच्या मोठ्या पुस्तकाखाली ठेवून दिलात.

"सही?"

"आधी तुमची होऊ दे."

"ही काय केलीये की खाली."

"तिथे नाही," तुम्ही म्हणालात.

मला कळलं नाही. निदान मी तसं ठरवलं. तो तक्रार अर्ज गेला नाही एवढं मात्र बरं झालं, नाहीतर एका माणसाच्या नोकरीवर माझ्या अक्षराचा डाग पडला असता.

मग तुमचं आजारपण. मी रोज दुपारी दवाखान्यात यायचो. त्या शेवटच्या मंगळवारी वहिनी खाली औषध आणायला गेल्या होत्या, खोलीत आपण दोघंच. तुम्ही नाकावरची नळी जरा बाजूला केलीत आणि विचारलंत, "भाऊसाहेब, काही सांगायचंय का?"

इतकं सरळ. दार उघडून धरावं तसं.

मी म्हणालो, "हो सर. म्हणजे... नोव्हेंबर आहे ना. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याची मुदत संपत आलीये. मी करून ठेवतो."

मरणाच्या दारातल्या माणसाला मी जिवंत असल्याचा दाखला आठवून दिला. तुम्ही इतके हसलात की खोकल्याची उबळ आली, सिस्टर धावत आली आणि मला बाहेर काढलं. दाराच्या फटीतून शेवटचं दिसलात ते हसताना. लोक म्हणतात, चांगली आठवण आहे. मी मान हलवतो. शुक्रवारी तुम्ही गेलात.

तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला त्या दुपारी कॉलनीच्या हॉलमध्ये मी खुर्च्या गोळा करत होतो. वहिनींच्या हातात तुमचा फोन वाजला. त्या थोडं बोलल्या आणि फोन माझ्याकडे दिला. "घ्या. तुमच्याशी बोलायचंय म्हणतात."

"भाऊसाहब बोल रहे हो?" पलीकडून आवाज आला. "तगाराम बोलता हूँ। वो खिड़की वाला।"

मी खुर्चीवर बसलो. ती घडी केलेली होती. मी खाली बसलो.

तो माणूस रडत होता, सर. म्हणाला, मास्टरजी महिन्यातून एकदा फोन करायचे. तुमच्या मित्राच्या वतीनं माफी मागतो, असं त्या दिवशीच खिडकीत सांगून गेले होते. गेल्या थंडीत त्याच्या शेताजवळ, राखीव रानाच्या बाहेर, माळढोक रोज सकाळी यायचा. ना परवाना लागत होता, ना जीप. "मैंने कितनी बार बोला, आ जाओ मास्टरजी, मेरे घर रहना, छत से दिखा दूँगा। बोलते थे, आऊँगा, पर भाऊसाहब तैयार हो जाएँ तब।"

"तैयार? किस के लिए?"

"वो उन्होंने नहीं बताया। मैंने सोचा, आपकी तबीयत ठीक नहीं होगी।"

फोन ठेवला. वहिनी समोर उभ्या होत्या. चौतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या त्या. सुई टोचायच्या आधी "दुखणार नाही" असं त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. मलाही नाही.

"घरी चला," म्हणाल्या.

घरी त्यांनी ते नकाशांचं मोठं पुस्तक काढलं. वाळवंटाच्या पानात दोन गोष्टी होत्या. एक फोटो, तगारामनं पाठवलेला, तुम्ही छापून आणलेला. गवतात उभा, मान ताठ, हात मागे घेतल्यासारखा. आणि दुसरा तो परवाना. ऑफिसची प्रत. मफलर आणायला गेलात तेव्हा मागून घेतलेली. माझ्या सुंदर अक्षरातल्या तारखेवर तुमच्या लाल पेनानं एक सरळ रेघ. वर बरोबर तारीख. आणि शेजारी टिंब-टिंब-टिंब, सहीपुरती जागा.

"त्यांना त्याच दिवशी कळलं होतं," वहिनी म्हणाल्या. "मी किती वेळा म्हटलं, तुम्हीच विषय काढा. म्हणे, मी काढला तर ती माझी दुरुस्ती झाली. सही त्यांची पाहिजे. मी म्हटलं, मग जाऊन तरी या, मी येते सोबत. तर म्हणे, त्यांच्याशिवाय गेलो तर त्यांना समजेल की मला माहितीये, मग हा माणूस माझ्या घराचा जिना चढायचा नाही."

मी त्या टिंबांवरून बोट फिरवलं.

"रोज यायचात तुम्ही. तोंड उघडायचात. मला वाटायचं, आज बोलतील. आणि त्यात बिस्कीट घालायचात."

सर, इथे मला तुमच्याशी भांडायचंय, आणि तुम्ही नाही, म्हणून मीच दोन्ही बाजूंनी भांडतो. तुमचंही चुकलं. वर्गात हात वर करायची वाट बघावी तसे तुम्ही माझी वाट बघत बसलात. मी काय सातवी ब? मी त्या वर्गाच्या खाली बसणारा माणूस, मला नुसतं छतातून ऐकू यायचं. एक हाक मारायची होतीत. "भाऊसाहेब, तारीख तुम्हीच घातलीत ना?" एवढंच. मी आधी नाही म्हटलं असतं, मग रागावलो असतो, आठ दिवस आलो नसतो, आणि नवव्या दिवशी बॅग घेऊन दारात उभा राहिलो असतो. तुम्ही मला ओळखत होतात. मग एवढं ओळखायला काय झालं होतं?

पण हे भांडण मी हरणार हे मला माहितीये. कारण साठ वर्षांनी तो पक्षी तुम्हाला कुणाच्या तरी छतावरून दिसणार होता आणि तुम्ही गेला नाहीत ते मला शरम वाटू नये म्हणून. आणि मी, माझी शरम झाकायला, रोज येऊन तुमचाच चहा पीत होतो. मी एक वाक्य बोललो असतो तर गेल्या जानेवारीत तुम्ही त्या छतावर असता. थंडीत. बहुधा स्वेटर माझ्या अंगात असता, पण असता.

मी वहिनींकडे पेन मागितलं. त्यांनी तुमचं लाल दिलं. टिंबांवर मी सही केली, पूर्ण, आडनावासकट. सर्व्हिस बुकातल्यासारखी वळणदार आली नाही. खाली त्या दिवशीची तारीख घातली आणि या वेळी दोनदा तपासली. वहिनींनी चष्मा लावून सही बघितली, कागद पुन्हा पानात ठेवला आणि पुस्तक मिटलं.

खाली भाजीवाल्याची गाडी येऊन गेली. मग मीच घसा साफ केला.

"वहिनी, याच थंडीत जाऊ आपण. तुम्ही, मी आणि आमची ही. सरांची दुर्बीण घेऊन. तगारामकडे दोन दिवस राहू, आणि एक दिवस आत राखीव रानातही जाऊ, रीतसर. तुम्ही काही काळजी करू नका. मी आजच बसतो, कागदाचं माझ्याक..."

वहिनींनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"अर्ज मी भरते. तुम्ही पिशव्या धरा."